सुईचं नाक म्हणजे यरुशलेमची वेस नव्हे

श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. हे समजावताना हमखास सांगतात की यरुशलेमेत ‘सुईचं नाक’ नावाची बुटकी वेस होती. ओझं उतरवून, गुडघे टेकले की उंट तिच्यातून जाई.

चित्र गोड आहे, पण येशूच्या काळात अशी वेस असल्याचा पुरावाच नाही. ही कथा मध्ययुगीन भाष्यांत दिसते. नाक म्हणजे साधं नेढं, दोरा ओवतो ते. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातही सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची उपमा अशक्य गोष्टीसाठीच येते.

शिवाय येशूचं बोलणं ऐकून शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण, म्हणजे उद्धार, कोणाचं होणार? नुसते गुडघे टेकून भागत असतं, तर थक्क व्हायचं कशाला? बायबलच्या मत्तय या पुस्तकात (१९:२६) येशूचं उत्तर असं: माणसांना हे अशक्य, देवाला सर्व शक्य.