धूर धुतल्यावर पाण्याचं काय?

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव. कोकणातल्या या औद्योगिक वसाहतींत बॉयलर आहेत, वितळभट्ट्या आहेत. आणखी खाली दक्षिणेला काजूच्या टरफलांवर पेटणाऱ्या भट्ट्या आहेत. यांचा धूर पाण्याने धुऊन मगच चिमणीत सोडणारं यंत्र म्हणजे वेट स्क्रबर. वरून पाण्याचा फवारा, खालून धूर, तळाशी गाळ. सांगायला एवढं सोपं. पण डिझाइनला बसणारा माणूस पाण्याआधी विचारतो, धुरातला कण केवढा?

कोळशाच्या किंवा लाकडाच्या बॉयलरची राख बरीचशी दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरची असते. तिला साधा फवाऱ्याचा मनोराही अडवतो. वितळभट्टीचं तसं नाही. तिथे धातूची वाफ उडते, थंड होताना थिजते आणि एका मायक्रॉनहून लहान कण तयार होतात. वायूचा प्रवाह पाण्याच्या थेंबाला वळसा घालून निघून जातो. त्यातला जड कण मात्र कशेडी घाटात भरधाव आलेल्या लोडेड ट्रकसारखा. वळण त्याला झेपत नाही, तो सरळ थेंबावर आदळतो. हलका कण वायूबरोबर सफाईने वळतो आणि सुटतो. गंमत म्हणजे ०.१ मायक्रॉनहूनही बारीक कण पुन्हा सापडायला लागतात, कारण हवेच्या रेणूंचे धक्के खात ते वेडेवाकडे भरकटतात आणि थेंबाला जाऊन चिकटतात. छळतात ते मधले, ०.१ ते १ मायक्रॉनचे. फुप्फुसात खोलवर जाणाऱ्यांतही हेच असतात.

त्यांच्यासाठी व्हेंचुरी. नळी मध्येच आवळायची. त्या गळ्यातून वायू सेकंदाला ६० ते १२० मीटर वेगाने जातो, पाण्याच्या चिंधड्या उडवतो आणि कण थेंबांवर आपटतात. हा वेग फुकट मिळत नाही. तासाला दहा हजार घनमीटर वायू ओढणारी एक छोटी व्यवस्था घ्या. फवाऱ्याच्या मनोऱ्यात दाबाची घट १५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी धरली, तर पंख्याला सव्वासहा किलोवॉटच्या आसपास वीज पुरते. व्हेंचुरीत तीच घट १०० सेंटिमीटर झाली की ४२ किलोवॉट लागतात, म्हणजे दिवसाला हजारावर युनिटं. (पंख्याची कार्यक्षमता दोन्हीकडे ६५ टक्के धरली आहे.) रात्रपाळीला हा धूर ओढणारा पंखा, म्हणजे आयडी फॅन, हळू चालवायचा मोह का होतो, ते इथे कळतं.

आता पाणी. ३०० अंशांचा वायू फवाऱ्यात शिरला की आधी वाफ करतो आणि साधारण ६० अंशांवर येतो. एक किलो वायू एवढा थंडावताना सुमारे ११० ग्रॅम पाणी उडवतो. वरच्या छोट्या व्यवस्थेत हे तासाला टनभर, दिवसाला चोवीस हजार लिटर होतं. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावांच्या शेजारी हा हिशेब कागदावर मांडलेला असावा. उरलेलं पाणी फिरवून वापरतात, पण त्यात क्षार आणि गाळ साचत जातो, म्हणून थोडं सतत बाहेर काढावंच लागतं.

धुरात सल्फर डायऑक्साइड असेल तर पाणी आम्ल होतं. कॉस्टिक सोडा किंवा चुना टाकून ते सावरतात, नाहीतर लोखंडी टाकी फार दिवस टिकत नाही. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रात हे काम समुद्राचं पाणी करतं. चिकूच्या बागांचा हा तालुका. १९९१च्या अधिसूचनेने इथल्या उद्योगांवर बंधनं आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाने, ज्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते, गंधक काढण्याची यंत्रणा बसवायला लावली. ती उभी राहायला २००७ उजाडलं.

समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्ल मारतं. मग हवा फुंकून गंधकाचं सल्फेट करतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मुळातच पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असल्याने ही भर त्याला जाणवत नाही. पण बायकार्बोनेट तुटपुंजं. लिटरमागे जेमतेम ७४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मुरतो, म्हणजे एका टनाला साडेतेरा हजार घनमीटर पाणी हवं. एरवीही थंडाव्यासाठी समुद्र उपसणाऱ्या वीजकेंद्रालाच हे परवडतं. खाडीवर असं काही उभारायचं तर आषाढ-श्रावणातला नमुना तपासावा. पुराने खाडीचं पाणी गोडं झालं की तिची आम्ल पचवायची ताकद उतरते. शिवाय खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही भोकं पाडतं, म्हणून तिथे एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा रबराचं अस्तर.

लोट्याला दारात समुद्र नाही. तिथलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून दाभोळच्या खाडीकडे जातं. स्क्रबरने धुरातून जे काढलं ते नाहीसं होत नाही, गाळात आणि पाण्यात उतरतं. हा घोळ जुनाच. इंग्लंडमध्ये १८३६ साली विल्यम गॉसेजने झुडपांच्या फांद्या भरलेल्या मनोऱ्यात पाणी सोडून सोडा कारखान्याचा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू पकडला. मग कारखानदार तेच आम्ल ओढ्यांत सोडू लागले. म्हणून माझ्या मते गाळ कुठे जाणार आणि काढलेलं पाणी कोण घेणार, याची ओळ नसलेलं स्क्रबरचं कोटेशन अर्धवट समजावं.

बाहेरून बघणाऱ्यालाही बरंच ओळखता येतं. स्क्रबर असलेल्या चिमणीचा पांढरा लोट बहुतेक वाफेचा असतो. पावसाळी दमट हवेत तो लांबच लांब जातो, मे महिन्यातल्या दुपारी लगेच विरतो. नजर ठेवायची ती पांढरं संपतं तिथे. पुढे निळसर-करडी शेपटी उरत असेल तर बारीक कण किंवा आम्लाचं धुकं सुटतंय. आणि जवळच्या पत्र्यांवर, गाड्यांवर पांढरट ठिपके पडत असतील तर थेंबच बाहेर येताहेत: थेंब अडवणारा डेमिस्टर चोंदलाय, किंवा फॅन गरजेपेक्षा जास्त ओढतोय.