परवा सांगितलेली मोटार परवा का मिळत नाही

परभणी, जालना, बीडकडे तालुक्याच्या गावी पाण्याच्या जळलेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या, म्हणजे मोटार रिवायंडिंगच्या दुकानात रब्बीच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "परवा या मामा, मोटार तयार ठेवतो." मामा परवा येतात तर मोटार उघडलेलीसुद्धा नसते. तिकडे हरभऱ्याचं पाणी लांबतं आणि दुकानदार खोटारडा ठरतो. पण तो मनापासून सांगत असतो. त्याचा हिशोब एका जागी फसतो, आणि ती जागा गणितज्ञांना शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे.

त्याचा हिशोब असा. वार्निश वाळण्याचा वेळ सोडला तर एका मोटारीला सरासरी 4 तास लागतात. दुकान 10 तास उघडं, म्हणजे दिवसाला अडीच मोटारी. येतात सरासरी सव्वादोन. म्हणजे रोज एक तास उरायलाच हवा. मग मोटारी तुंबतात कशा?

मोटारी सरासरीने जळत नाहीत. सोमवारी एकही येत नाही, मंगळवारी पाच येऊन पडतात. सोमवारचे रिकामे तास साठवून मंगळवारी वापरता येत नाहीत, ते वाया गेले. मंगळवारचं उरलेलं काम मात्र बुधवारच्या डोक्यावर बसतं. रिकामा वेळ पुढे जात नाही, तुंबलेलं काम पुढे जातं. जगातल्या बहुतेक रांगा या एकतर्फी व्यवहारातून तयार होतात, आणि मला हे गणित फार सुंदर वाटतं ते याचसाठी.

आग्नर क्रारुप एर्लांग हे डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, या प्रश्नावरचा त्यांचा पहिला निबंध 1909 सालचा. त्यातून पुढे रांगांचं शास्त्र उभं राहिलं. कारागीर एकच असेल आणि कामं कधीही, कशीही येत असतील, तर त्यातलं सूत्र सोपं आहे. दुकानाच्या वेळेपैकी जेवढा भाग कामात जातो त्याला भार म्हणू (50 टक्के म्हणजे 0.5). भाराला (1 वजा भार) ने भागा आणि एका कामाच्या वेळेने गुणा, की हात लागेपर्यंत मोटार सरासरी किती वेळ पडून राहील ते मिळतं.

भार 50 टक्के असेल तर 4 तास. 80 टक्क्यांना 16 तास. आपल्या दुकानाचा भार 90 टक्के, म्हणून 36 तास, म्हणजे दुकानाचे साडेतीन दिवसांहून जास्त. आणि 95 टक्क्यांना 76 तास! 90 वरून 95 वर जायला किती काम वाढलं? आठ दिवसांत फक्त एक मोटार. ओळखीच्या माणसाची म्हणून घेतलेली ती एक मोटार बाकी सगळ्यांचं थांबणं दुपटीच्या वर नेते. शाळेत काढलेला सरळ रेषेचा आलेख इथे चालत नाही. हा आलेख शेवटी जवळजवळ उभा चढतो.

आता थोडं खोलात. 1961 साली ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी यात चढउतार आणला. प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाला) सरासरीने भागून वर्ग करायचा. एक वर्ग लागोपाठ दोन कामं येण्यामधल्या वेळेतल्या चढउताराचा, दुसरा काम करायला लागणाऱ्या वेळेतल्या चढउताराचा. दोघांची बेरीज करून निम्मी घ्या आणि वरच्या उत्तराला गुणा. वरच्या सूत्रात दोन्ही वर्ग 1 धरलेले असतात, म्हणून गुणाकाराने फरक पडत नाही.

आपल्याकडे पहिला वर्ग 1 च्या बराच वर जातो. डीपीवरचा, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, तीनपैकी एक फेज (विजेची तार) रात्री गेला आणि मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या दोन फेजमधून साधारण पावणेदोन पट करंट वाहतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे तिप्पट. एका डीपीवरच्या तीन-चार मोटारी एकाच रात्री जळतात आणि सकाळी एकाच टेम्पोतून दुकानात उतरतात.

दुसरा वर्ग मात्र दुकानदाराच्या हातात आहे. तीन हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसणारी) दोन तासांत होते, साडेसातची सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली) दिवस खाते, त्याला इलाज नाही. पण मधेच तार संपली, बेअरिंग आणायला माणूस शहराला गेला, हा चढउतार माल भरून ठेवला की जातो. हा वर्ग 1 वरून शून्यावर आणता आला आणि येण्याचा वर्ग 1 धरला, तर थांबणं निम्मं होतं. कारागीर दोन असतील तर गिऱ्हाईकं वाटून देऊ नयेत, वही एकच ठेवावी. दोघांचाही भार 90 टक्के असला तरी 36 तासांचे सुमारे 17 होतात.

काम तुंबलं की काही जण दारावर लिंबू-मिरची बांधतात, अमावास्येला मोठं काम उघडत नाहीत. अमावास्येचा दिवस बंद ठेवला की महिन्याचा भार वाढतो आणि रांग लांबते, एवढाच त्याचा परिणाम. पहाटे चारला उठून मिनिटामिनिटाचा आराखडा भरायला लावणारी ॲप आणि शिबिरंही तितकीच घातक आहेत. भरगच्च आराखडा म्हणजे 100 टक्के भार, आणि तिथे सूत्रात शून्याने भागावं लागतं.

अंदाज चुकण्याला मनाचाही हातभार असतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 33.9 दिवसांत होईल असं सांगितलं, लागले 55.5. सगळं बिघडलं तर किती, याचं त्यांचं उत्तर 48.6 होतं. म्हणून मनाला विचारू नये, वहीला विचारावं. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांचा 1961 सालचा नियम त्याच कामाचा : दुकानात सरासरी पडून असलेल्या मोटारी भागिले रोज बाहेर पडणाऱ्या मोटारी, म्हणजे एका मोटारीचा दुकानातला सरासरी मुक्काम. 18 मोटारी पडून, रोज सव्वादोन बाहेर, तर आठ दिवस. मामांना "आठ दिवस" सांगितलं तर ते दुसरीकडून भाड्याची मोटार बघतील, पाणी चुकणार नाही.

कॅनॉलचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की मात्र भार 100 च्या वर जातो. तिथे कुठलंच सूत्र सरासरी देत नाही, रांग रोज वाढतच जाते. तेवढ्या दिवसांपुरता जास्तीचा कारागीर आणावा, नाहीतर मोटार उतरवून घ्यायच्या आधीच शेजारच्या दुकानाचा नंबर द्यावा.