नाशिक परिसरातील गवंडीकाम व हवामान

नाशिक परिसरातील गवंडीकाम व हवामान : दगड, वीट, चुना, माती व सिमेंट यांच्या जोडकामावर ऊन, पाऊस, थंडी आणि जमिनीतील ओल यांचा होणारा परिणाम, तसेच त्या बेताने रूढ झालेल्या बांधणीच्या रीती. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सुमारे ७०० मिमी. असून येवला-नांदगावकडे त्याहून कमी होतो. त्यामुळे सव्वाशे किमी.च्या आत घर उतरत्या कौलांवरून मातीच्या सपाट धाब्यावर येते. उन्हाळ्यात पारा ४०° से. ओलांडतो, तर निफाडला काही हिवाळ्यांत तो ५° से.खाली जातो. तरीही सांध्यात पाणी गोठून दगड फुटावा इतकी थंडी टिकत नाही. पाश्चात्त्य ग्रंथांत अग्रस्थानी असलेला हिमअपक्षय येथे त्यामुळे गौण ठरतो. येथे भिंत बिघडते ती ओलीने, आणि त्याहून अधिक ओल व सुक यांच्या येरझारीने.

दगड : परिसरातील दगड दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण (बेसाल्ट) आहे. घट्ट पाषाण पाणी जवळजवळ शोषत नाही. मात्र पोकळ्यांचा पाषाण निराळा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट व तत्सम खनिजे भरलेली असतात (पांडवलेण्यांजवळच्या खाणीतील हिरवे अपोफिलाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे). या खनिजांबरोबरचे मृत्तिकांश ओलीने फुगतात, उन्हात आकसतात आणि दगडाचा पृष्ठभाग खवल्यांनी सुटतो. डोंगरउतारावर हाच पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सोलवटतो. जिल्ह्यात या उपमेला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. खाण निवडताना पाथरवट दगडावर हातोडा मारून नाद ऐकतो : खणखणीत नाद म्हणजे घट्ट दगड, बद्द नाद म्हणजे आत भेग किंवा कुजका भाग.

चुन्याविना बांधणी : सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर या पद्धतीचे परिसरातील ठळक उदाहरण. अशा बांधणीस सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात आणि यादवांचा मंत्री हेमाद्री (१३ वे शतक) याला तिचे जनकत्व देतात. हे मत टिकणारे नाही. अंबरनाथचे मंदिर त्याच परंपरेतील असून तेथील लेख शके ९८२ चा (इ. स. १०६०) आहे, म्हणजे पद्धत हेमाद्रीच्या दोन शतके आधीची ठरते. हेमाद्रीच्या काळात अशी पुष्कळ बांधकामे झाली व नाव चिकटले, एवढेच फार तर म्हणता येईल. गोंदेश्वराच्या काळाविषयीही एकमत नाही. कोणी ते ११ व्या शतकात, कोणी १२ व्या, तर कोणी त्याहून पुढे नेतात. शैली पाहता पहिल्या दोहोंपैकी एक अधिक सयुक्तिक वाटते. चुना ठाऊक नव्हता म्हणून तो वापरला नाही, ही समजूतही ग्राह्य नाही, कारण अजिंठ्याच्या चित्रांखालीच चुन्याचा पातळ थर आहे. हवामानाच्या दृष्टीने कोरड्या सांध्याचा लाभ उघड आहे : आत शिरलेले पाणी वाट काढून निघून जाते आणि कुजायला मसाला (दगड जोडणारा लगदा) नसतो. त्याच सांध्यात पाखराने टाकलेले पिंपळाचे बी रुजते, हा त्याचा तोटा.

चुना : पेशवेकालीन कामांत (नारोशंकर मंदिर, १७४७; सुंदरनारायण मंदिर, १७५६; त्र्यंबकेश्वर मंदिर, १७५५–८६) घडीव काळा दगड दिसतो. या काळातील दर्जेदार कामासाठी चुना बैलाच्या घाणीत मळला जाई. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन घट्ट होतो. त्यासाठी थोडी ओल लागते. सांधा पाण्याने गच्च असेल तर वायू आत शिरत नाही आणि कडक उन्हात ओलच उरत नाही, म्हणून चुन्याचे काम दसऱ्यानंतर काढणे उत्तम. मसाल्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद घालण्यामागे काही अभ्यासक बळकटी पाहतात, काही जलरोधकता. गुळामुळे मसाला उशिरा आवळतो हे निश्चित. कोरड्या हवेत हा वेळ मिळणे हाच मुख्य हेतू असावा. अलीकडे जुन्या दरजा (दगडांमधील सांधे) सिमेंटने भरतात. त्याने बाहेरून भिंत नीटस दिसते, पण आतली ओल अडकते आणि घराच्या बाजूने लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो.

माती व वाडे : जुन्या नाशकातील वाड्यांचे जोते दगडी, सांगाडा लाकडी आणि भिंतीत मातीचा भराव असे. छप्पर गळू लागले की पाणी माथ्यावरून भरावात उतरते, माती फुगते, भिंतीला पोट येते आणि दोन्ही अंगांचे थर एकमेकांपासून सुटतात. मोडकळीस आलेल्या वाड्यांना पावसाळ्यापूर्वी नोटिसा जातात त्या यामुळेच. गोदाकाठी पुराची भर पडते. तेथे पाण्याची उंची दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजण्याची लोकरीत आहे. १९ सप्टेंबर २००८ चा पूर विशेष लक्षात राहिलेला आहे.

वीट : वीटभट्ट्या दिवाळीनंतर सुरू होऊन वळिवापूर्वी आवरतात. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून पोयटा व राख मिसळतात. थापलेली कच्ची वीट अवकाळीच्या एका सरीत कडा गमावते आणि फडावर चिखल उरतो; ताडपत्री सगळीकडे पुरत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील राखेच्या विटांना भट्टी लागत नसल्याने हा धोका कमी असतो.

सिमेंट : वैशाखात तापलेली वीट हौदात टाकली की सूं आवाज करत बुडबुडे सोडते, ते थांबेपर्यंत ती भिजू द्यावी, नाही तर ती मसाल्यातले पाणी ओढून घेते. बांधकामावर निदान ७ दिवस पाणी मारतात. पावसाळ्यात उलट अडचण येते : किंचित दमट वाळू फुगते, घमेले भरलेले दिसते, पण वाळू कमीच पडते.

पाया : येवला, मालेगावकडील काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत नेतात. तसा नेला नसेल तर उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. श्रावणात जमीन फुगल्यावर ती पुष्कळदा मिटते, म्हणून ती लिंपण्यापूर्वी निदान एक पावसाळा पाहावा.