प्रकाशीय व्यतिकरणमिती

एकाच उगमातून निघालेल्या प्रकाशाचे दोन भाग करून ते वेगवेगळ्या वाटांनी नेले आणि पुन्हा एकत्र आणले, तर ते काही ठिकाणी एकमेकांना बळ देतात आणि काही ठिकाणी एकमेकांना पुसून टाकतात. त्यातून उजळ आणि काळ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. या पट्ट्यांची जागा, आकार आणि ठळकपणा यांवरून अंतर, जाडी, पृष्ठभागाचा चढउतार, पारदर्शक पदार्थाचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती मंदावतो याचे माप), वस्तूची सूक्ष्म हालचाल किंवा ताऱ्याचा व्यास काढण्याच्या, तसेच वस्तूची प्रतिमा घडवण्याच्या पद्धतींना मिळून प्रकाशीय व्यतिकरणमिती म्हणतात. ज्या उपकरणाने हे काम होते तो व्यतिकरणमापक.

दृश्य प्रकाशाची कंपने सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी होतात. डोळा, फोटोग्राफीची फिल्म किंवा कॅमेऱ्यातला संवेदक, कोणालाही इतक्या वेगाच्या मागे धावता येत नाही. त्यांना कळते ती फक्त सरासरी तीव्रता. तरंग या क्षणी शिखरावर आहे की तळाशी, म्हणजे त्याची कला काय आहे, हे नोंदले जातच नाही. वस्तूबद्दलची सर्वांत बारीक माहिती मात्र बहुतेक वेळा कलेतच दडलेली असते. स्वच्छ काचेतून प्रकाश पार झाला की त्याची तीव्रता जवळपास तेवढीच राहते, पण काच जिथे किंचित जाड असते तिथे तरंग किंचित मागे पडतो. हे मागे पडणे दुसऱ्या तरंगाशी ताडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. व्यतिकरण तेच करते: कलेतला फरक उजेड-अंधारात आणून ठेवते.

म्हणून या सगळ्या तंत्रांबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. व्यतिकरणमापक कोणतीही गोष्ट एकटी मोजत नाही. तो दोन वाटांमधला फरक सांगतो. त्यातली एक वाट आपल्याला पक्की माहीत असली, तरच दुसरीबद्दलचे उत्तर खरे. या विषयातले मोठे यश आणि मोठे घोटाळे, दोन्ही इथूनच निघतात.

तत्त्व

दोन सुसंगत शलाका एकत्र आल्या की त्यांच्या आयामांची, म्हणजे तरंगांच्या उंचीची, बेरीज होते, तीव्रतांची नव्हे. तीव्रता ही आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समान तीव्रतेच्या दोन शलाका जुळल्या, की उजळ पट्ट्यात एकीच्या चौपट तीव्रता मिळते आणि काळ्या पट्ट्यात शून्य. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची वाटणी बदलते.

या साध्या नियमाचा एक परिणाम फार मोलाचा आहे. एक शलाका दुसरीच्या १ टक्का तीव्रतेची असेल, तर तिचा आयाम १० टक्के असतो. त्यामुळे एकूण तीव्रता ०.८१ ते १.२१ यांच्यामध्ये हेलकावते. ती दहा हजारांश तीव्रतेची असेल, तरी २ टक्क्यांचा चढउतार दिसतो. हाच क्षीण प्रकाश नुसता मिसळला असता, तर तीव्रता जेमतेम ०.०१ टक्का वाढली असती. जोरकस संदर्भशलाका क्षीण शलाकेला असे उचलून धरते. शरीराच्या आतून परतणारा अत्यंत मंद प्रकाश टिपता येतो तो याच जोरावर.

पट्टे दिसण्यासाठी दोन्ही शलाकांमधला कलेचा संबंध टिकून राहावा लागतो. या गुणाला सुसंगती म्हणतात. दोन वेगळ्या दिव्यांच्या प्रकाशात हा संबंध क्षणोक्षणी बदलतो, म्हणून खोलीत दोन दिवे लावल्याने भिंतीवर पट्टे पडत नाहीत. एकाच उगमाचा प्रकाश विभागला, तरी वाटांमधला फरक एका मर्यादेपलीकडे गेला की पट्टे विरतात. ही मर्यादा म्हणजे सुसंगती-लांबी. पांढऱ्या प्रकाशासाठी ती मायक्रोमीटरच्या घरात असते, तर स्थिर केलेल्या लेसरसाठी शेकडो मीटर आणि त्याहून जास्तही.

यंग ते मायकेलसन

साबणाच्या फुग्यावरचे रंग आणि सपाट काचेवर ठेवलेल्या भिंगाभोवतीची वलये सतराव्या शतकातच अभ्यासली गेली होती. ती वलये न्यूटनच्या नावाने ओळखली जातात. तरंगांच्या आधारे त्यांचा अर्थ लावला तो टॉमस यंग यांनी. १८०३ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितलेला प्रयोग आजही पाहण्यासारखा आहे. खिडकीच्या झडपेला पाडलेल्या बारीक छिद्रातून सूर्यकिरणांची शलाका आत घेतली आणि तिच्या वाटेत सुमारे एक तीसांश इंच रुंदीची कार्डाची पट्टी कडेवर उभी धरली. पट्टीच्या सावलीत उभे पट्टे उमटले. एका बाजूने येणारा प्रकाश अडवताच सावलीतले पट्टे नाहीसे झाले, दुसरी बाजू उघडीच असूनही. काळोख पडण्यासाठी दोन्ही बाजूंचा प्रकाश लागतो, हे याहून कमी साधनांत दाखवणे कठीण.

मापनाचे साधन म्हणून व्यतिकरणाला नाव मिळवून दिले अल्बर्ट मायकेलसन यांनी. त्यांच्या मांडणीत अर्धपारदर्शक आरसा शलाकेचे दोन भाग करतो. ते काटकोनात दोन भुजांनी जातात, टोकाच्या आरशांवरून परततात आणि त्याच अर्धपारदर्शक आरशाशी पुन्हा भेटतात. १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे मायकेलसन आणि एडवर्ड मोर्ली यांनी हे उपकरण पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर बसवले आणि आरशांमध्ये अनेक फेऱ्या घडवून प्रत्येक भुजेतली वाट ११ मीटरपर्यंत वाढवली. प्रकाश ज्या सर्वव्यापी माध्यमातून जातो असे तेव्हा मानत, त्या ईथरमधून पृथ्वी चालली असेल, तर शिळा फिरवताना पट्टे ०.४ पट्ट्याइतके सरकायला हवे होते. प्रत्यक्षात सरकणे त्याच्या दशांशालाही पोहोचले नाही.

मायकेलसन यांचे दुसरे काम तुलनेने कमी सांगितले जाते, आणि मापनाच्या दृष्टीने तेच अधिक वजनदार आहे. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र येथे त्यांनी धातूचा प्रमाण मीटर कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांब्यांमध्ये मोजला. उत्तर आले १५,५३,१६३.५. लांबीचे माप एका दांड्यापासून निसर्गाकडे सरकवण्याची ती सुरुवात होती. १९६० मध्ये मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या अशी झाली. १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावर, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या आकड्यावर आधारलेली आहे. लांबी ताडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण ठोकळ्यांच्या लांब्या मात्र आजही स्थिर लेसर आणि व्यतिकरणमापक वापरूनच ठरवल्या जातात.

पट्टे वाचणे

हेलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते. मायकेलसनच्या मांडणीत एक आरसा ३१६.४ नॅनोमीटर सरकला की प्रकाशाची वाट जाऊन-येऊन एका तरंगलांबीने बदलते आणि एक पूर्ण पट्टा नजरेसमोरून निघून जातो. एका भुजेखाली नुसता तळहात धरला, तरी वर चढणाऱ्या उबदार हवेने पट्टे वाकतात आणि थरथरतात. प्रयोगशाळेत हे प्रथम पाहणाऱ्याला हवेलाही आकार असतो हे पटते. लेसरऐवजी सोडियमचा दिवा लावून आरसा सावकाश मागे नेला, तर पट्टे फिकट होत जातात, नाहीसे होतात आणि पुन्हा ठळक होतात. ही आवर्तने दर ०.२९ मिलिमीटरला होतात, कारण सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या पट्ट्यांची संगत जुळते-तुटते.

भिंगे आणि आरसे तपासताना बहुधा फिझोची मांडणी वापरतात. नमुन्यादाखल घडवलेला संदर्भ पृष्ठभाग आणि तपासायचा पृष्ठभाग समोरासमोर ठेवले, की दोन्हींवरून परतलेल्या प्रकाशाचे पट्टे नकाशातल्या समोच्च रेषांसारखे दिसतात. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचा चढ किंवा उतार असतो. चढ की उतार हे एका चित्रावरून कळत नाही. त्यासाठी संदर्भ पृष्ठभाग दाबविद्युत स्फटिकाच्या साहाय्याने तरंगलांबीच्या अष्टमांशाने, म्हणजे ७९ नॅनोमीटरने, पुन्हा पुन्हा सरकवून चार चित्रे घेतात. चौथ्या आणि दुसऱ्या चित्रातील तीव्रतांच्या फरकाला पहिल्या आणि तिसऱ्यातील फरकाने भागले की कलेच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) आणि तिच्यावरून कोन मिळतो. पार्श्वभूमीचा उजेड वजाबाकीत जातो, पट्ट्यांचा ठळकपणा भागाकारात जातो, आणि प्रत्येक बिंदूची कला स्वतंत्रपणे हाती येते. या युक्तीने तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्शापर्यंतची उंची वाचता येते.

एक अडचण उरते. कला प्रत्येक तरंगलांबीनंतर पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे पृष्ठभागावर उंच पायरी असेल तर मध्ये किती पट्टे गळाले ते समजत नाही. अशा वेळी दोन तरंगलांब्यांनी मोजून त्यांच्या फरकातून एक लांब, कृत्रिम तरंगलांबी घडवतात. सोडियमच्या पट्ट्यांची ती मंद आवर्तने याच गणिताची आहेत.

पारदर्शक आणि चंचल वस्तू

जिवंत पेशी पाण्यासारखी पारदर्शक असते. ५ मायक्रोमीटर जाडीच्या पेशीचा अपवर्तनांक भोवतीच्या द्रवापेक्षा ०.०३ ने जास्त असेल, तर तिच्यातून जाणारा प्रकाश १५० नॅनोमीटरने, म्हणजे सुमारे पाव तरंगलांबीने मागे पडतो. साध्या सूक्ष्मदर्शकात यातले काही दिसत नाही, म्हणून पेशी रंगवाव्या लागत, आणि रंगवताना त्या बहुधा मरत. फ्रिट्स झेर्निके यांनी १९३० च्या दशकात विवर्तित न झालेल्या, म्हणजे पेशीमुळे न विखुरता सरळ आलेल्या, प्रकाशाची कला पाव तरंगलांबीने बदलून हा फरक थेट उजेडात आणला. जिवंत पेशीचे विभाजन त्यामुळे न रंगवता पाहता आले. त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डेनिस गाबोर यांनी १९४७-४८ मध्ये मांडलेली होलोग्राफी म्हणजे वस्तूवरून आलेल्या तरंगाचे संदर्भतरंगाशी होणारे व्यतिकरणच नोंदवून ठेवणे. तिला बळ आले ते १९६० मध्ये लेसर तयार झाल्यावर. वस्तूचा होलोग्राम ताण देण्याआधी आणि दिल्यानंतर एकाच प्लेटवर घेतला, तर वस्तू स्वतःच्याच आधीच्या रूपाशी ताडली जाते आणि तिच्यावर पट्टे उमटतात. जिथे पट्टे अनपेक्षितपणे दाटतात तिथे आत भेग किंवा सुटलेला थर असण्याचा संभव असतो. टायर आणि विमानांचे भाग न फोडता तपासण्यासाठी या कुळातली तंत्रे वापरतात.

कमी सुसंगतीचा उपयोग

सुसंगती कमी असणे ही बराच काळ अडचण मानली गेली. पट्टे फक्त वाटा जवळजवळ समान असतानाच दिसतात, हेच वाक्य उलटे वाचले की ते खोली मोजण्याचे साधन होते: पट्टे दिसले, म्हणजे वाटा समान आहेत. प्रकाशीय सुसंगती टोमोग्राफी, म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यातली ‘ओसीटी’ तपासणी, या विचारावर उभी आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील गटाने १९९१ मध्ये ती मांडली.

यात ८४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश डोळ्यात सोडतात. त्याच्या वर्णपटाची रुंदी ५० नॅनोमीटर असेल, तर हवेत सुमारे ६ मायक्रोमीटर अंतरावरचे दोन थर वेगळे ओळखता येतात. वर्णपट जितका रुंद, तितकी खोलीतली बारकाई जास्त. मानवी दृष्टिपटल जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे असते, आणि त्यातले एकेक थर या तपासणीत पानांसारखे सुटे दिसतात. काचबिंदूत पातळ होणारा चेतातंतूंचा थर मोजणे किंवा दृष्टिपटलाच्या मध्यभागी साचलेला द्रव पाहणे त्यामुळे डोळ्याला स्पर्श न करता शक्य झाले. सुरुवातीच्या यंत्रांत संदर्भ आरसा मागेपुढे हलवावा लागे. पुढच्या पिढीत आरसा स्थिर ठेवून परतलेल्या प्रकाशाचा वर्णपटच नोंदवतात. जितक्या खोलवरून प्रकाश परततो, तितक्या दाट लहरी वर्णपटात उमटतात, आणि मिसळलेल्या लहरी सुट्या करणाऱ्या फूरिए रूपांतर या गणिती रीतीने सगळ्या खोल्या एकदम मिळतात. वैद्यकात व्यतिकरणाने इतके थेट भले केल्याचे दुसरे उदाहरण नाही.

कारखान्यांत हेच तत्त्व पांढऱ्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात वापरून धातूंच्या आणि सिलिकॉनच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजतात.

तारे आणि गुरुत्वीय तरंग

१९२० च्या डिसेंबरमध्ये मायकेलसन आणि फ्रान्सिस पीझ यांनी माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीवर ६ मीटरची तुळई बसवली आणि तिच्यावरच्या दोन आरशांनी काक्षी या मृगातील ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला. आरशांमधले अंतर सुमारे ३ मीटर झाल्यावर पट्टे नाहीसे झाले. त्यावरून ताऱ्याचा कोनीय व्यास ०.०४७ कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) निघाला. सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याचे आकारमान अशा प्रकारे प्रथमच मोजले गेले. आज त्याच डोंगरावर सहा दुर्बिणींचा प्रकाश ३३१ मीटरपर्यंतच्या अंतरावरून जुळवला जातो.

गुरुत्वीय तरंग, म्हणजे अवकाशाला किंचित ताणत-आकसत जाणारे तरंग, टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजा हे मायकेलसनच्याच मांडणीचे मोठे रूप. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय तरंग प्रथम नोंदला गेला, तेव्हा भुजांच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान होता.

मर्यादा

हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००२७ असतो आणि तापमान १ अंश सेल्सियसने बदलले तर त्यात दशलक्षात जवळपास एक भाग इतका फरक पडतो. १ मीटर अंतर मोजताना ही चूक १ मायक्रोमीटरची, म्हणजे तीन पट्ट्यांची होते. म्हणून काटेकोर मापनात हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता यांची नोंद ठेवतात किंवा वाट निर्वात करतात. कंपनांपासून बचावासाठी टेबले हवेच्या गादीवर तोलतात.

यापेक्षा गंभीर चूक संदर्भाची. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा घासताना तो व्यतिकरणानेच तपासला होता, आणि पट्टे निर्दोष दिसत होते. पण ज्या प्रकाशीय जोडणीशी आरसा ताडला जात होता, तिच्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. आरसा त्या चुकीच्या संदर्भाला अत्यंत अचूकपणे जुळला आणि कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट झाला. कमी अचूक मानल्या गेलेल्या दोन चाचण्यांत दोष दिसला होता, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर चित्रे धूसर आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दोष भरून काढणारी प्रकाशीय साधने बसवली.

हवा, कंपने आणि संदर्भ हे सगळे आवरले, तरी प्रकाश फोटॉनांच्या रूपात सुटा सुटा येतो, त्यामुळे तीव्रतेत थोडा गोंगाट राहतोच. प्रकाश वाढवला की त्याचे प्रमाण घटते, पण त्यालाही सीमा आहे: जोरदार प्रकाश आरशांना ढकलू लागतो. लायगोमध्ये २०१९ पासून ‘दाबलेला’ प्रकाश वापरून कलेतली अनिश्चितता आयामाकडे ढकलली जाते आणि हा गोंगाट आणखी खाली आणला जातो.