जीमॉन्ड बोलतोय, पण ऐकतंय कोण?

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या जथ्यावर, गँग्लिया या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा एजंट ‘जीमॉन्ड’ बसवणं हे काही मोठं काम नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर ईपेल भांडारातून ‘गँग्लिया-जीमॉन्ड’ हे पॅकेज घ्यायचं; डेबियन आणि उबुंटूवर त्याचंच नाव ‘गँग्लिया-मॉनिटर’. सर्व्हिस सुरू केली की स्टेटसमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतं. डॅशबोर्डवर मात्र 40 पैकी एकच सर्व्हर उगवतो आणि लॉगमध्ये तक्रारीची एक ओळही सापडत नाही.

याचं कारण असं, की जीमॉन्ड आपले आकडे यूडीपीवर पाठवतो. पाकीट सोडून दिलं की त्याचं काम संपलं. पोचलं का, हे तो विचारत नाही. पाठवणाऱ्याकडे कितीही वेळ बघत बसलात तरी बिघाड कळणार नाही. तपासणी करायची ती ऐकणाऱ्याच्या बाजूनं.

गँग्लिया बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं. मॅट मॅसी यांनी ते सुरू केलं. चेतापेशींच्या गाठींना इंग्रजीत हेच नाव आहे, आणि रचनाही तशीच: प्रत्येक सर्व्हरवर एक जीमॉन्ड, तर सगळ्यांचे आकडे गोळा करून साठवणारा जीमेटाडी एखाद्याच मशीनवर. जीमॉन्डचा पोर्ट 8649. जुन्या फोनच्या बटणांवर ‘युनिक्स’ची चार इंग्रजी अक्षरं दाबली तर हाच आकडा येतो.

एजंट कमी बोलतो, ही त्याची खरी हुशारी. लोडचा आकडा तो दर 20 सेकंदांनी मोजतो, पण तो 1 पेक्षा जास्त हलला तरच लगेच पाठवतो. नाहीतर 90 सेकंदांच्या आत एकदा. डिस्कची एकूण जागा अर्ध्या तासानं मोजली तरी पुरते. त्यामुळे ज्या मशीनवर नजर ठेवायची, तिच्यावरच नजरेचा भार पडत नाही.

मूळ सेटिंगमध्ये जीमॉन्ड 239.2.11.71 या मल्टिकास्ट पत्त्यावर बोलतो, म्हणजे सगळे सगळ्यांचं ऐकतात. इथं स्विच आडवा येतो. आपल्या कोणत्या पोर्टला (तार जोडायच्या खाचेला) मल्टिकास्ट हवं, याची नोंद आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्टच्या मागणीचे संदेश टिपण्याची सोय) चालू असलेला स्विच ठेवतो. ती ताजी राहावी म्हणून कुणीतरी अधूनमधून विचारणा करावी लागते. असा क्वेरिअर नेटवर्कवर नसेल तर काही मिनिटांनी नोंद पुसली जाते. मग सर्व्हिस रीस्टार्ट केली की सगळे 40 सर्व्हर दिसतात आणि चहा घेऊन येईपर्यंत गायब! दोन नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर पाकिटं भलत्याच कार्डातून निघतात; तिथं ‘एमकास्ट इफ’मध्ये कार्डाचं नाव लिहावं लागतं. शिवाय टीटीएल, म्हणजे पाकिटाचा पल्ला ठरवणारा आकडा, 1 असल्यामुळे राउटरपलीकडे काहीच जात नाही.

आमचं मत विचाराल तर सरळ युनिकास्ट करावं, म्हणजे पाकीट एकाच ठरलेल्या मशीनला पाठवावं. जीमॉन्डच्या कॉन्फिग फाइलमध्ये, पाठवण्याच्या चॅनेलमधली मल्टिकास्टची ओळ काढून त्या जागी हेड नोडचा (सगळ्यांचं ऐकणाऱ्या मुख्य मशीनचा) पत्ता द्यायचा. हेड नोडवर ऐकण्याच्या चॅनेलमधूनही मल्टिकास्टच्या ओळी काढायच्या आणि फायरवॉलमध्ये 8649 चं यूडीपी उघडायचं. बाकीच्यांना ‘डेफ’ करायचं, म्हणजे ते फक्त बोलतील. क्लस्टरचं नाव सुरुवातीलाच नीट द्यावं. आलेख त्या नावाच्या फोल्डरमध्ये साठतात, आणि नंतर नाव बदललं की जुना इतिहास जुन्याच फोल्डरमध्ये पडून राहतो.

युनिकास्टची एक खोड आहे. आवृत्ती 3.1 पासून आकडा आणि त्याची माहिती (नाव, एकक, प्रकार) वेगवेगळ्या पाकिटांतून जातात. हेड नोडवरचा जीमॉन्ड रीस्टार्ट झाला की त्याच्याकडे येतात ते नुसते आकडे. कशाचे, ते माहीत नसल्यानं तो ते टाकून देतो. मल्टिकास्टमध्ये तो इतरांना माहिती पुन्हा विचारू शकतो, युनिकास्टमध्ये नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर ‘सेंड मेटाडेटा इंटरव्हल’ची किंमत 0 वरून 30 करायची. डॅशबोर्ड अचानक रिकामा झाल्याचं दिसलं तर आधी हीच ओळ बघावी.

आता तपासणी. हेड नोडवर टेलनेटनं 8649 ला जोडलं की एक्सएमएलचा लोंढा येतो. त्यात प्रत्येक होस्टपुढे ‘टीएन’ आणि ‘टीमॅक्स’ असे दोन आकडे असतात: शेवटचं ऐकून किती सेकंद झाले, आणि जास्तीत जास्त किती व्हायला हवेत. टीएन 7, टीमॅक्स 20 म्हणजे ठीक. टीएन 80 च्या वर, म्हणजे टीमॅक्सच्या चौपट गेला की होस्ट बंद धरला जातो. एखादं नाव यादीतच नसेल तर त्याचं पाकीट कधी पोचलंच नाही; तिथं हेड नोडवर टीसीपीडंप हे पाकिटं टिपणारं साधन लावून पाकीट येतंय का ते बघावं.

आकडे कुणाकडून घ्यायचे, हे सांगणाऱ्या जीमेटाडीच्या ‘डेटा सोर्स’ ओळीत बरेच जण सगळ्या 40 सर्व्हरची नावं ओळीनं लिहितात. गरज नाही. पहिला उत्तर देतो तोवर दुसऱ्याला कुणी विचारत नाही. बाकीची नावं फक्त राखीव. आणि ‘डेफ’ केलेल्या सर्व्हरचं नाव राखीव म्हणून लिहिलंत तर वेळेला त्याच्याकडे सांगायला काहीच नसतं.

साठवणुकीचा हिशेब मात्र आधी मांडावा. दर होस्टच्या दर मोजमापाची स्वतंत्र आरआरडी फाइल (वेळेनुसार आकडे ठेवणारी, ठराविक आकाराची) होते. 100 सर्व्हर आणि प्रत्येकी 30 मोजमापं म्हणजे 3,000 फाइली. दर 15 सेकंदांनी प्रत्येकीत लिहायचं, म्हणजे सेकंदाला 200 बारीक लेखनं. फिरत्या डिस्कचा यात जीव जातो. आकडे आधी मेमरीत गोळा करणारा आरआरडीकॅश्ड हा प्रोग्रॅम मध्ये ठेवला की लेखनं गठ्ठ्यानं होतात.

शेवटी 8649 चा टीसीपी दरवाजा, म्हणजे वर टेलनेटनं जोडला तो. जो जोडेल त्याला सगळ्या सर्व्हरची यादी पासवर्डाशिवाय मिळते, तेव्हा फायरवॉलमध्ये तो फक्त जीमेटाडीच्या मशीनसाठी उघडा ठेवावा.