‘दिवसाला दोनच ओढतो’ याचं गणित

सॉसेज आणि सिगारेट कॅन्सरकारकांच्या एकाच गटात असल्याचा मेसेज परवा पुन्हा फिरत आला. शेजारचे काका खूश. ‘म्हणजे माझ्या दिवसाच्या दोन सिगारेटी काय वाईट?’

बातमी खरी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज त्यातलंच) गट 1 मध्ये, म्हणजे माणसांत कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत, घातलं. तंबाखूचा धूर तिथे आधीपासून होताच. पण पुरावा किती पक्का, एवढंच तो गट सांगतो. धोका किती मोठा, ते मात्रेवर ठरतं. आणि मात्रा म्हणजे नुसतं ‘रोज किती’ नव्हे.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली थेट डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागवली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. त्या आकड्यांवरून डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी 1978 मध्ये जे दाखवलं ते मला आजही थक्क करतं. रोजच्या सिगारेटी दुप्पट केल्या, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण दुपटी-चौपटीच्या मध्ये कुठेतरी वाढतो. ओढण्याची वर्षं दुप्पट झाली तर? धोका वर्षांच्या चौथ्या-पाचव्या घातानं वाढतो. चौथाच धरू: 15 ऐवजी 30 वर्षं म्हणजे 16 पट, 45 वर्षं म्हणजे 81 पट.

असं का? पेशी एका फटक्यात कॅन्सरची होत नाही. तिच्या डीएनएत, समजा, पाच ठरावीक बिघाड व्हावे लागतात. काळ दुप्पट झाला की एक बिघाड होऊन गेलेला असण्याची शक्यता दुप्पट होते. पाचवा बिघाड यंदाच व्हायचा, तर आधीचे चारही होऊन गेलेले हवेत: 2×2×2×2, म्हणजे 16. घात आला तो इथून. आर्मिटेज आणि डॉल यांनी 1954 मध्येच हा हिशेब मांडला होता. वाढत्या वयाबरोबर बरेच कॅन्सर इतके झपाट्यानं का वाढतात, हे त्यातून उलगडतं. धुराची मात्रा मात्र यातल्या एक-दोन पायऱ्यांनाच जोर देते असं धरलं, की तिचा घात फार तर दोन येतो. वेळ मात्र प्रत्येक पायरीला लागतो. (पायऱ्यांचा क्रम, पेशींची वाढ, मरणाऱ्या पेशी हे सगळं धरलं की समीकरण चांगलंच किचकट होतं, पण गाभा हाच.)

तेव्हा रोज दोन ओढणाऱ्याचा धोका वीस ओढणाऱ्यापेक्षा कमी, हे कबूल. पण त्या दोन तीस-चाळीस वर्षं चालल्या, तर ‘दोनच’ला काही अर्थ उरत नाही. ‘फुप्फुसं धुऊन काढणारे’ काढे विकणाऱ्यांनी तर डीएनएतले बिघाड काढ्यानं कसे पुसतात ते एकदा समजावून सांगावं.

सोडल्यावर मात्र धोक्याची ती चढती कमान जवळपास जागीच थांबते. याच डॉक्टरांच्या 50 वर्षांच्या नोंदी 2004 मध्ये आल्या: ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत साठीत सोडणाऱ्यांना सुमारे 3 वर्षं जास्त आयुष्य मिळालं, पन्नाशीत 6, चाळिशीत 9, तिशीत 10. काकांना मी सिगारेटींचा आकडा विचारलाच नाही, कोणत्या साली सुरू केली ते विचारलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, म्हणाले, आणि बोटांवर वर्षं मोजू लागले.