दोन वर्षे वाया जातात का?

‘अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातले ग्लोबल स्टडीज (जागतिक घडामोडींचा अभ्यास) विद्यापीठात धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते,’ हा समज निदान कॅलिफोर्नियापुरता तरी चुकीचा आहे. तिथे 2010 च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात बदलीसाठीची खास असोसिएट (दोन वर्षांची) पदवी सुरू झाली आणि ती ग्लोबल स्टडीजमध्येही मिळते. 60 सेमिस्टर युनिट्स (श्रेयांक), मुख्य विषयांत किमान ‘सी’ श्रेणी आणि एकूण 2.0 (4 पैकी) सरासरी राखून ती मिळवणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी असते, आणि मिळत्याजुळत्या शाखेत गेल्यास उरलेल्या 60 युनिट्समध्ये बॅचलर पदवी पुरी होते. मेख एवढीच, की हमी विद्यापीठ-व्यवस्थेची आहे, मनाजोगत्या कॅम्पसची नव्हे. जागतिकीकरणाची ओळख करून देणारा पायाभूत विषयही पहिल्या 60 युनिट्समध्येच मोजला जातो.